दिवाळीनंतरची हवा

आमच्या खानावळीला पाटी होती, पण गिऱ्हाईक यायचं ते आत्तीच्या आवाजावर. आत्ती म्हणजे माझी सासू. आमच्या भागात सासूला आत्तीच म्हणतात. रामनगरात, बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं दुकान. पुढं बाकडी, मागं दोन खोल्या, त्या खोल्यांत आमचा संसार. आत्ती दाराजवळच चुलीपुढं बसायची. भाकरी थापता थापता तिचं एक लक्ष रस्त्यावर असायचं, आणि पलीकडं ट्रक थांबला की बसल्या जागेवरून ओरडायची, "या ओ, भाकरी गरम हाय!" तो आवाज इंजिनांच्या डोक्यावरून पलीकडं पोचायचा. ड्रायव्हर हसायचे आणि रस्ता ओलांडून यायचे.

त्या वर्षी दिवाळी सरली आणि रस्ता रुंद करायचं काम आमच्या दाराशी आलं.

जोयडा तालुका म्हटला की बाहेरच्या माणसाला जंगल आठवतं, पाऊस आठवतो. ते खोटं नाही. पावसात आमच्याकडं मिठाला पाणी सुटतं, चपलांना बुरशी येते. पण दिवाळीनंतर रामनगर वेगळंच गाव होतं. तांबडी माती वाळते आणि टिप्परच्या चाकाखाली पिठासारखी बारीक होते. सकाळी थंडी असते, त्यामुळं ती धूळ वर जात नाही. कुणी टायर पेटवून शेकत बसलेलं असतं, कुणी कचरा जाळतं, घराघरात चुली पेटतात; तो सगळा धूर धुळीत मिसळून ऊन वर येईपर्यंत गल्लीत बसून राहतो. रस्त्यावर पाणी मारायला टँकर यायचा, पण दुपारपर्यंत पुन्हा तेच.

मी दिवसभर पुसत असायची. बाकडं पुसायची, आतल्या पातेल्यांवर ताटं झाकायची, परत येऊन बघायची तर बाकड्यावर पुन्हा तांबडा थर. झोपताना दात एकमेकांवर घासले की कचकच व्हायचं. हात थांबले की मला कसंतरीच व्हायचं. वाटायचं, पुसलं नाही तर ही धूळ आमच्यावर चढत जाईल. आत्ती म्हणायची, "किती पुसतीस गं? धूळच हाय, साप न्हाई."

असंच एका सकाळी पलीकडं ट्रक थांबला. आत्ती ओरडली, "या ओ..." आणि पुढचे शब्द आलेच नाहीत. मी आत भात उपसत होते. आवाज मधेच तुटला म्हणून बाहेर आले. आत्ती दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढं वाकली होती, तोंड उघडं, खांदे वर-खाली होत होते. छातीतून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. मी पाठ चोळली. थोड्या वेळानं तिनं हात झटकला.

"मेले न्हाई मी. घशात धूळ गेली. भाकरी उलट आधी."

पण दुसऱ्या दिवशी तेच झालं, आणि त्यानंतर रोज. मग माझा नवरा तिला बेळगावला घेऊन गेला. मीही गेले. तिथल्या डॉक्टरांनी तिला एका नळीत फुंकायला लावलं. ती फुंकता फुंकता दमली आणि रागावली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मावशी, एवढी वर्षं चुलीच्या धुरात बसलात, फुप्फुसं आधीच थकलीत. आता ही धूळ त्यांना सोसायची नाही. मी पंप देतो, तो रोज ओढा. पण औषध एकीकडं आणि हवा एकीकडं. पाऊस येईपर्यंत त्या रस्त्यापासून लांब राहा."

"लांब म्हणजे कुठं?" नवऱ्यानं विचारलं.

डॉक्टरांनी औषधाचा कागद पुढं केला. ते त्यांना कसं माहीत असणार?

परतीच्या बसमध्ये मी मनात जागा शोधत होते. आत्तीचं माहेर खानापूरच्या बाजूचं. तिथलं घर बंद, भाऊ पुण्याला, आणि गावाच्या वेशीला विटांच्या भट्ट्या. म्हणजे तिथंही धूरच. राहिलं माझं माहेर. अणशीच्या अलीकडं रानातली वाडी, चार-पाच घरं, खाली भाताची शेतं, वर डोंगर. तिथं आई आणि भाऊ. मी घरी पोचल्यावर ते बोलून दाखवलं.

आत्ती पायातल्या चपला काढत होती, ती तशीच थांबली. "सुनेच्या माहेरात जाऊन पडू? लोक काय म्हणतील? त्यापरास ही धूळ खाईन."

नवरा बाहेरची बाकडी आत घ्यायला गेला. माझंही मन थाऱ्यावर नव्हतं. लग्नात आत्ती आमच्या वाडीत एकदा आली होती, जेवून दिवस मावळायच्या आत परत गेली होती. माझी आई कुणब्याची बाई, कमी बोलणारी, आत्ती अशी. दोघी एका चुलीभोवती कशा राहणार?

चार दिवसांनी आत्ती भाकऱ्या थापत होती. दोन झाल्या, तिसरीला हात परातीतच थांबले. पीठ ओलं, हात ओले, आणि ती नुसती श्वास ओढत बसलेली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तिकडं कुठली बस जाते?"

तिच्या अटी होत्या. मी बरोबर यायचं. तांदूळ आपले न्यायचे. पाहुणी म्हणून कुणी पाटावर बसवायचं नाही.

जोयड्यात गाडी बदलून आम्ही कारवारकडच्या बसनं गेलो. कुंभारवाडा मागं पडला तशी झाडं रस्त्यावर वाकायला लागली, आणि खिडकीतून येणारी हवा गार झाली, तिला ओल्या पानांचा वास होता. आत्तीनं रुमाल तोंडावरून खाली घेतला. मी तिच्याकडं चोरून बघत होते. तिनं ते ओळखलं. "काय बघतीस? हवाच हाय ती."

आई वाटेवर उभी होती. दोघींनी एकमेकींना नमस्कार केला आणि आईनं आत्तीच्या हातातली तांदळाची पिशवी घेतली. म्हणाली, "या इहीणबाई. चालून दमला असाल."

"न्हाई न्हाई," आत्ती म्हणाली, आणि अंगणातल्या दगडावर बसून पुष्कळ वेळ दम खाल्ला.

पहिल्या आठवड्यातच फरक पडला. शीळ कमी झाली. ती अंगणभर हिंडायची, विहिरीपर्यंत जाऊन यायची. पण मन रमेना. "कान दुखतात गं हितं," असं तिनं मला सांगितलं. मला आधी वाटलं की कान खरंच दुखतोय. "तसं न्हाई. कायच ऐकू येत न्हाई ना. आमच्यात कसं, पडून राहिलं तरी गाड्या चालू असतात, म्हंजे जग चालू हाय असं वाटतं." दुपारी काहीतरी निमित्त काढून ती डांबरी रस्त्यापर्यंत जायची आणि बस येईपर्यंत थांबायची. बसमध्ये बसायचं नसायचं. बस आली, गेली, की माघारी.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. अंगणात ती बरी असायची, पण स्वयंपाकघरात पाय टाकला की खोकायला लागायची. आमच्या घराचं स्वयंपाकघर म्हणजे एक दार, खिडकी नाही, कोपऱ्यात चूल. वर माळा. माळ्यावर गवतात बांधलेल्या बियाण्याच्या मुडी, सुकी मासळी, आमसुलं. सगळं धुरानं काळं. मी त्याच धुरात वाढले, मला तो कधी दिसलाच नव्हता. आता आत्तीच्या शेजारी उभी राहून बघितलं, तर चूल पेटली की कमरेच्या वर काही दिसत नव्हतं. आणि त्या धुरातून आईच्या खोकल्याचा आवाज येत होता.

आई खोकायची. रोज सकाळी, चूल पेटवली की. मला आठवतं तेव्हापासून. आम्ही पोरं त्या खोकल्यानं जागी व्हायचो. आई उठली, एवढाच त्याचा अर्थ होता.

आत्तीनं तो अर्थ मानला नाही. एके दिवशी जेवताना सरळ विचारलं, "इहीणबाई, तुमाला कवापासून हाय हे?"

"काय?"

"खोकला."

"हा? हा काय खोकला न्हय," आई म्हणाली. "धूर लागतो, तेवढंच."

"मग भिंतीला भोक पाडा वर. धूर जाईल."

आईनं मान हलवली. तिच्याजवळ कारण होतं, आणि ते लहान नव्हतं. "धूर गेला तर बियाण्याला कीड लागते. वाशांना भुंगा लागतो. पावसात मासळी बुरसते. हा धूर घराचा राखणदार हाय, इहीणबाई."

"राखणदार हाय तर मालकिणीचाच गळा का धरतोय?" आत्ती म्हणाली.

भाऊ खाली मान घालून भात कालवत राहिला. मला वाटलं, झालं, आता उद्याच्या बसनं परत. आई उठली, ताटं गोळा केली, बाहेर गेली. त्या दिवशी दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मी पुढच्या अंगणातून मागच्या अंगणात नुसत्या फेऱ्या मारत राहिले. आत्तीला काही म्हणायची सोय नव्हती, आईला काय म्हणावं सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटली नाही. मी बघायला गेले, तर आई भिंतीपुढं उभी होती आणि तिच्या हातात पहार होती. भावाला म्हणाली, "पाड. वाशाच्या जरा खाली. लहान नको पाडू, पुन्हा पाडायला लागेल."

मातीची भिंत, अर्ध्या तासात भोक पडलं. आत्ती बाहेरून सूचना देत होती, त्याच तिच्या खानावळीच्या आवाजात. पहिल्यांदाच तो आवाज मी पुन्हा ऐकत होते. पण चूल पेटवली तर काय, वारा नेमका त्याच बाजूनं आला आणि सगळा धूर आत. आम्ही तिघंही डोळे चोळत अंगणात. आई हसायला लागली. माझी आई इतकी हसलेली मी क्वचितच बघितली असेल. मग समोरच्या भिंतीला दुसरं भोक पाडलं, पहिल्यावर बाहेरून दोन कौलं तिरपी लावली, आणि चूल थोडी सरकवली. धूर हळूहळू वाट शोधायला लागला. बियाण्याला आईनं राख चोळली आणि मुडी बाहेरच्या खोलीत टांगल्या. रोज उठून ती त्या हुंगून बघायची. कीड लागली असती तर आत्तीची काही खैर नव्हती.

मी मात्र मधल्या मधे लटकले होते. दर आठवड्याला रामनगरला जायची, दोन दिवस राहायची, परत यायची. नवरा एकटा खानावळ ओढत होता. त्याच्या भाकरीला कडा फुटायच्या. ड्रायव्हर विचारायचे, "मावशी कुठं हाय?" तो म्हणायचा, "गावाला." बसमधून रामनगरला उतरलं की माझा श्वास आपोआप अर्धा व्हायचा. आधी कधी असं नव्हतं. रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या बाईकडं बघायची, शाळेतून सुटलेल्या पोरांकडं बघायची, आणि मनात यायचं, यांनी कुणाच्या माहेरी जायचं? वाडीत असले की खानावळीची काळजी, खानावळीत असले की वाडीची. एकदा तर जोयड्याच्या स्टँडवर उतरले आणि कुठल्या बसमध्ये चढायचं तेच क्षणभर कळेना.

शिमगा झाला. वाडीतल्या लोकांनी रानातला पाला गोळा करून शेताच्या एका तुकड्यावर पसरला आणि पेटवला. तिथं पुढं भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, टाकतात. माती भाजली की तण मरतं. हे दर वर्षीचंच. त्या धुरानं आत्ती दोन दिवस दार लावून बसली. मग समोरच्या डोंगरावर वणवा लागला.

कुणी लावला, कसा लागला, कळलं नाही. त्या दिवसांत सुकलेल्या गवताला ठिणगी पुरते. भाऊ उन्हाळ्यात जंगल खात्याच्या आग विझवायच्या कामावर जातो. तो आणि बाकीचे गडी हिरव्या फांद्या घेऊन डोंगरावर गेले. वारा पडला होता. धूर खाली उतरला आणि दरीत साचला. भर दुपारी सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा दिसत होता, त्याच्याकडं उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. वाळत घातलेल्या लुगड्यावर राखेचे बारीक तुकडे पडत होते.

आत्तीनं पंप ओढला. थोड्या वेळानं पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा माझा हात धरला आणि सोडेना. ओठांचा रंग बदलला होता. आईनं तिला उखळावर ओणवं बसवलं, ओलं फडकं तोंडापुढं धरलं. "बाय, तू पळ," ती मला म्हणाली. "रेंज येते तिथं."

मोबाईलला रेंज फक्त वरच्या फणसापाशी येते. मी धावले. धुरात चढ चढताना माझीच छाती फुटायला आली. खालच्या वाडीतल्या जीपवाल्याला फोन लावला, तो लागला, आणि मी काय बोलले ते मला आजही आठवत नाही. पण जीप आली.

आई आमच्याबरोबर चढली. पायात चपला नाहीत, बोटं तशीच शेणानं भरलेली; गोठ्यात होती ना ती. पूर्ण वाट तिनं आत्तीला पाठीमागून धरून ठेवलं आणि तिच्या कानाशी एकच बोलत राहिली, "सोडा श्वास, सोडा. आत नका ओढू नुसता, सोडा." आत्ती सोडत होती. वळणावळणावर मला वाटत होतं की आता हा शेवटचा.

जोयड्याच्या सरकारी दवाखान्यात नर्सनं एक शब्द न विचारता ऑक्सिजन लावला, मशीनची वाफ दिली. दिवस कलायच्या आत ओठांचा रंग परत आला. आत्तीनं डोळे उघडले, तोंडावरचा मास्क जरासा उचलला आणि मला म्हणाली, "तिथं धूळ, हितं धूर. आता कुठं नेतीस मला?"

आई खाटेच्या पायाशी बसली होती, ती म्हणाली, "कुठं न्हाई. हवा बदलेल तसं आपण बदलायचं. गुरं न्हाई का नेत सावलीसावलीनं?"

तेच ठरलं. रामनगरला परत आलो तर नवऱ्यानं न सांगता चूल पुढून काढून टाकली होती. मागच्या खोलीत गॅस आला होता, भिंतीत धूर ओढणारा पंखा बसवला होता. पुढच्या बाजूला रस्त्याकडं काच. आत्तीनं सगळं फिरून बघितलं. "आता मी ओरडू कुठनं?" एवढंच म्हणाली, पण पंख्याचं बटण दोनदा दाबून बघितलं. पावसाळा तिचा चांगला गेला.

आता आमचं वर्ष असं असतं. दिवाळी झाली की आत्ती वाडीत जाते, शिमग्याच्या आधी परत येते. उन्हाळा मागच्या खोलीत, खिडकीला ओला पडदा लावून. रस्त्याचं काम पुढं सरकलंय, आता तिकडच्या लोकांच्या दारात धूळ आहे, पण टिप्पर अजून आमच्याच दारावरून जातात. वाडीत तिनं बाकीच्या घरांच्या भिंतीही सोडल्या नाहीत. कुणाकडं चहाला गेली की आधी वर बघते, भोक आहे का. दोन घरांनी पाडलं, बाकीचे तिला टाळतात. आईच्या बियाण्याला एका वर्षी थोडी कीड लागली, त्यावरून दोघींचं भांडण झालं आणि मिटलंही. आईचा सकाळचा खोकला पुरता गेला नाही, कमी झाला. माहेरी असले की मी उशिरापर्यंत झोपून राहते, कारण आता तो खोकला उठवत नाही.

या दिवाळीआधी आत्तीला दाखवायला बेळगावला गेलो. तिची नळी फुंकून झाली. डॉक्टर म्हणाले, "आहे तसं आहे, म्हणजे चांगलंच." मग माझ्याकडं वळले. "तुम्ही कधीपासून खोकताय?"

"मी कुठं खोकते?" मी म्हणाले.

आत्ती माझ्याकडं बघत होती. डॉक्टरांनी नवी नळी पुढं केली. मी फुंकलं. त्यांनी कागदाकडं बघितलं, पुन्हा फुंकायला लावलं. अजून फार काही नाही, असं म्हणाले; पण आतापासून जपा, निदान थंडीचे महिने तरी त्या रस्त्यावर राहू नका.

बसमध्ये आत्ती खिडकीकडं बसली होती. लोंढ्याला तिनं खिडकी ओढून लावली. मग म्हणाली, "या वर्षी तूबी चल. पुरते तीन महिने."

"आणि खानावळ?"

"त्याला भाकरी येते आता."

"कडा फुटतात त्याच्या."

"फुटू देत."

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो कांदा चिरता चिरता म्हणाला, "तू म्हणशील तसं." आत्ती दिवाळीनंतर एकटीच गेली. दर आठवड्याला आईच्या फोनवरून विचारते, "निघालीस का?" मी सांगते, येते, पुढच्या आठवड्यात. पिशवी भरून ठेवलीय. दोनदा सोडली आणि दोनदा भरली. काल नवऱ्यानं पीठ मळता मळता मला हाक मारली आणि भाकरी कशी फिरवायची ते एकदा नीट दाखव म्हणाला. मी दाखवत होते तेव्हा काचेबाहेर टिप्पर गेला आणि पलीकडची दुकानं धुळीत थोडा वेळ दिसेनाशी झाली.